पॅडल फ्लोट लावूनही कयाकमध्ये परत बसता येत नाही: नेमकं कुठे बिघडतं ते कसं शोधायचं

पॅडल फ्लोट म्हणजे कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) उलटल्यावर पाण्यात आधार मिळावा म्हणून वल्ह्याच्या एका पात्यावर चढवायची हवेची पिशवी किंवा फोमचा ठोकळा. तो वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. तलावात किंवा खाडीच्या शांत पाण्यात उलटलेली सी कयाक सरळ करून आत बसणं जमतं. खुल्या समुद्रात थोडा वारा आणि अर्ध्या मीटरची लाट आली की मात्र दोनदा, तीनदा चढूनही माणूस परत पाण्यात पडतो. मग हाताची ताकद कमी आहे, वजन जास्त आहे किंवा फ्लोट हलका आहे असं गृहीत धरून लोक नवीन सामान विकत घेतात. ताकद कमी पडल्याची उदाहरणं फार थोडी असतात. बहुतेकांचं गाडं क्रमातल्या एखाद्या ठरावीक पायरीवर अडतं, आणि ती पायरी प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून ‘जमत नाही’ एवढ्यावर न थांबता कोणत्या क्षणी बिघडलं हे आधी पकडायचं. फ्लोट निसटला, अंग वर आलं नाही, वळताना कलंडलो की आत बसल्यावर दोन मिनिटांनी उलटलो? या चार प्रकारांची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

इथे गृहीत धरलेली कयाक म्हणजे नेहमीची बंद डेकची (वरून झाकलेली) सी कयाक: लांबी साधारण 5 मीटर, रुंदी 55 ते 60 सेंटिमीटर, कॉकपिटच्या (बसायच्या पोकळीच्या) पुढे आणि मागे बल्कहेडने (आडव्या भिंतीने) बंद केलेले हवेचे कप्पे. अंगात लाइफ जॅकेट आहे, वल्हं 210 ते 230 सेंटिमीटरचं आहे, आणि हातपंप व पॅडल फ्लोट डेकवर हाताशी आहेत. फ्लोट मागच्या हॅचमध्ये (कप्प्याच्या झाकणाखाली) ठेवला असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. भर पाण्यात हॅच उघडणं म्हणजे आपल्या हाताने कप्प्यात पाणी भरणं.

क्रम एकदा नीट पाहून घेऊ

उलटल्यावर अंग पुढे वाकवायचं, स्प्रे स्कर्टची (कमरेपासून कॉकपिटच्या कडेपर्यंत ताणलेल्या, पाणी अडवणाऱ्या झाकणाची) पुढची दोरी आधी पुढे आणि मग वर ओढायची, हात कमरेशी कडेवर टेकवून बाहेर सरकायचं. बाहेर येताना एक हात कयाकवर आणि एक वल्ह्यावर हवाच. रिकामी कयाक वाऱ्याने माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने वाहते. एकदा पाच-सहा मीटर अंतर पडलं की जॅकेट घालून ते भरून काढणं फार कठीण.

लाटा ज्या बाजूने येतात त्या बाजूला आपण राहायचं. पलीकडे राहिलो तर प्रत्येक लाट कयाक तोंडावर आपटते. आता एक पाय उलट्या कयाकच्या कॉकपिटमध्ये अडकवायचा. दोन्ही हात मोकळे होतात आणि कयाक कुठे जात नाही. मग फ्लोट वल्ह्याच्या पात्यावर पूर्ण चढवायचा, त्याचा पट्टा दांड्याला आवळायचा, क्लिप लावायची आणि त्यानंतरच हवा भरायची. आधी फुगवून मग पात्यावर चढवायला गेलं की तो अर्धाच चढतो.

फ्लोट तयार झाला की कयाक सरळ करायची. वल्हं डेकवरच्या दोरीत खुपसून किंवा कोपरात धरून, कॉकपिटची जवळची कड दोन्ही हातांनी आधी जराशी उचलायची म्हणजे आत हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. लगेच पाय जोरात मारत ती कड वर आणि पलीकडे झटक्यात ढकलायची. हळूहळू फिरवली तर कॉकपिट ओंजळीसारखं पाणी भरून घेतं.

वल्हं कॉकपिटच्या अगदी मागे, कयाकला काटकोनात आडवं. फ्लोट आपल्या बाजूला, दुसरं पातं डेकच्या पलीकडच्या कडेपर्यंत. आपण वल्ह्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे दांडा आणि कयाकचं मागचं टोक यांच्यामध्ये. वल्ह्याकडच्या हाताने दांडा आणि कॉकपिटची मागची कड एकत्र मुठीत धरायची, दुसरा हात मागच्या डेकवर पलीकडे. पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, पोहताना मारतो तसे मारायचे आणि पोटावर सरकत मागच्या डेकवर यायचं. तोंड मागच्या टोकाकडे. वल्ह्याजवळचा पाय दांड्यावर चढवायचा, मग दुसराही. त्यानंतर पहिला पाय कॉकपिटमध्ये, पाठोपाठ दुसरा. पोटावर पडूनच मांड्या आत जाईपर्यंत मागे सरकायचं, आणि शेवटी फ्लोटकडे बघत, छाती फ्लोटकडे वळवत सीटवर फिरायचं.

पायरी 1: फ्लोट निसटतो किंवा बसकण मारतो

पट्टा पात्याच्या गळ्याला न आवळता नुसता क्लिपला लटकत असेल तर पहिल्या जोराच्या लाटेत फ्लोट बाहेर सरकतो. क्लिप लावली की एकदा हिसका देऊन पाहायची, ही सवय अंगी लागली की हा प्रकार जवळजवळ संपतो.

फुगवायच्या फ्लोटमध्ये दुसरा मोठा दोष झडपेचा. फुंकर मारून झाली की झडप पिळून बंद करायची असते, आणि धापा टाकताना नेमकं तेच राहून जातं. वजन पडलं की हवा सावकाश निघून जाते आणि माणसाला वाटतं आपण चढताना चुकलो. दोन कप्प्यांचा फ्लोट असेल तर दोन्ही भरायचे. एकच भरून ‘पुरे झालं’ म्हणणारे बरेच असतात. घरी महिन्यातून एकदा फ्लोट पूर्ण फुगवून रात्रभर ठेवायचा. सकाळी मऊ पडला तर बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. गळती बहुधा शिवणीच्या कोपऱ्यात किंवा झडपेच्या बुडाशी सापडते. उन्हात तापलेल्या गाडीत फ्लोट ठेवू नये, शिवणी तिथेच सुटायला लागतात.

फोमचा फ्लोट फुगवावा लागत नाही, पण तो वजन कमी पेलतो आणि डेकवर जागा खातो. कोकणच्या उबदार पाण्यात हवा भरायला लागणारं अर्धं मिनिट परवडतं, म्हणून इथे फुगवायचाच घ्यावा असं आमचं मत आहे. थंड देशात हिशेब उलटा होतो, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी 2: अंग वर येत नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि ताकद वाया जाते तीही इथेच. पाण्यात उभं राहून, तरणतलावाच्या कठड्यावर चढावं तसं हातांनी अंग वर खेचायचा प्रयत्न होतो. पाय कयाकच्या खाली जातात, कयाक आपल्याकडे कलंडते, आणि जेवढं वर ओढावं तेवढी ती अंगावर येते. पायाच्या पंजांनी पाण्याच्या वर फेस उडतोय का ते पाहायचं. फेस नाही म्हणजे पाय खाली आहेत. आधी अंग आडवं होऊ द्यायचं, चार-पाच जोरदार पाय मारायचे, आणि मगच हातांनी डेक छातीखाली ओढायचा. डेकवर चढायचं असं मनात आणण्यापेक्षा डेक आपल्या पोटाखाली घ्यायचा असं मनात आणलं की बऱ्याच जणांचं पहिल्याच वेळी जमतं.

चढताना छातीशी काहीतरी अडतं का? लाइफ जॅकेटच्या पुढच्या फुगीर खिशात मोबाइल, चाकू, पाण्याची पिशवी असं सगळं भरलेलं असतं आणि ते डेकवरच्या दोरीत किंवा पंपात अडकतं. पुढचे खिसे रिकामे ठेवावेत आणि मागच्या डेकवर काहीही बांधू नये. कॅम्पिंगचं सामान मागे बांधलेल्या कयाकवर या पद्धतीने परत चढता येईल असं धरून चालूच नये.

वल्हं म्हणजे शिडी नाही. त्यावर पूर्ण वजन टाकलं की फ्लोट बुडतो, आणि कार्बनचा दांडा असेल तर तो जोडावर मोडू शकतो. याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. फ्लोट 10 लिटर पाणी बाजूला सारत असेल तर त्याला 10 किलोपर्यंतच आधार देता येतो. तो कयाकच्या मध्यरेषेपासून 1.6 मीटरवर असेल तर 60 किलोचं अंग मध्यरेषेपासून सुमारे 27 सेंटिमीटर बाहेर असेपर्यंत तो सावरतो. म्हणजे जेमतेम कयाकच्या कडेपर्यंत. आता वल्हं काटकोन सोडून 45 अंशांत मागे सरकलं तर तेच अंतर 19 सेंटिमीटरवर येतं. चढताना दांडा मागे सरकू न देणं इतकं महत्त्वाचं का, ते यावरून कळतं. वल्ह्यावर पायाचा फक्त टेकू, वजन कयाकवर.

काही कयाकना कॉकपिटमागे वल्हं अडकवायला खाचा किंवा आडव्या दोऱ्या असतात. तिथे दांडा घट्ट बसवला तर काटकोन टिकतो हे खरं, पण पिळाचा सगळा ताण दांड्यावर येतो आणि आत बसल्यावर तो सोडवताना पाठीमागे हात घालावा लागतो, म्हणजे तोल जाण्याची आणखी एक संधी. हाताने दांडा आणि कड एकत्र धरायला शिकणं जास्त भरवशाचं.

पाय मारूनही अंग वर येतच नसेल, म्हणजे खांदा दुखरा आहे, वजन जास्त आहे किंवा आधीच दमछाक झाली आहे, तर दोरीची पायरी वापरायची. 4 ते 4.5 मीटर सपाट पट्टीचं एकच बंद वेटोळं. ते पलीकडच्या बाजूला वल्ह्याच्या दांड्यात अडकवायचं, कयाकच्या तळाखालून आपल्या बाजूला घ्यायचं, जवळच्या दांड्यावरून एक वळसा द्यायचा, आणि लोंबणाऱ्या फाशात पाऊल ठेवायचं. फासा गुडघ्याच्या उंचीला आला पाहिजे. लांब राहिला तर पाय थेट कयाकखाली जातो. पाऊल सरळ खाली न दाबता जरा मागे दाबायचं. पातळ दोरी वापरू नये, ती पायाला गुंडाळते. आत बसल्याबरोबर वेटोळं काढून घ्यायचं, पाण्यात लोंबतं ठेवायचं नाही.

पायरी 3: वळताना कलंडतो

मागच्या डेकवर आलो, पाय आत गेले, आणि ‘झालं’ म्हणून डोकं वर उचललं की कयाक फिरते. डोकं आणि खांदे वर आले की गुरुत्वमध्य एकदम वर जातो. सीटवर बूड टेकेपर्यंत छाती डेकला घासत राहिली पाहिजे.

दुसरं कारण वळण्याच्या दिशेचं. फ्लोट एकाच बाजूने आधार देतो. तिकडे कलंडलं तर तो पाण्यात दाबला जातो आणि वर ढकलतो. विरुद्ध बाजूला कलंडलं तर तो हवेत उचलला जातो, मग त्याचा आधार उरतच नाही, उरतं फक्त त्याचं किरकोळ वजन. म्हणून पूर्ण वेळ थोडंसं वजन फ्लोटच्या बाजूला ठेवायचं आणि वळतानाही त्याच बाजूने वळायचं. नजर फ्लोटवरून हलवली नाही की खांदे आपोआप तिकडेच वळतात. एक हात दांड्यावर बाहेरच्या बाजूला सरकवत न्यायचा. दोन्ही हात एकदम सोडून कॉकपिटच्या कडा पकडणं ही नेहमीची चूक आहे.

लहान तोंडाच्या जुन्या कॉकपिटमध्ये गुडघे आधी आत जात नाहीत. अशा कयाकवर पाय सरळ ठेवून खूप मागे, जवळजवळ मागच्या हॅचपर्यंत सरकून मग आत घुसावं लागतं. ही सवय त्याच कयाकवर करावी. दुसऱ्याच्या मोठ्या कॉकपिटवर केलेला सराव इथे उपयोगी पडत नाही.

पायरी 4: आत बसल्यावर दोन मिनिटांनी परत पाण्यात

कॉकपिटमध्ये भरलेलं पाणी एका जागी राहत नाही. कयाक डावीकडे कलली की पाणीही डावीकडे धावतं आणि ते कलणं वाढवतं. अशा अवस्थेत फ्लोट काढून वल्हवायला लागलं की पहिल्याच आडव्या लाटेला कयाक परत जाते. पाणी उपसेपर्यंत फ्लोट पात्यावरच राहू द्यायचा.

आत बसल्याबरोबर वल्हं पुढे आणायचं, मांडीवर आडवं ठेवायचं आणि पोटाने कडेवर दाबून धरायचं. फ्लोट पाण्यावर टेकलेला. मग दोन्ही हात पंपाला मोकळे होतात. हातपंप प्रत्यक्षात मिनिटाला 25 लिटरच्या आसपास पाणी काढतो. कॉकपिटमध्ये 100 लिटर असेल तर चार मिनिटं न थांबता उपसावं लागतं. कयाक झटक्यात सरळ करण्यावर एवढा जोर का दिला ते इथे समजतं, कारण तिथे वाचवलेलं प्रत्येक बादलीभर पाणी म्हणजे इथे दमलेल्या हातांची वाचलेली मिनिटं.

उपसतो तेवढंच परत आत येत असेल तर स्प्रे स्कर्ट आधी मागून आणि दोन्ही बाजूंनी लावून घ्यायचा, आणि पंप स्कर्टच्या कमरेभोवतीच्या नळीतून किंवा एका बाजूच्या फटीतून आत घालायचा. स्कर्ट लावताना त्याची पुढची दोरी बाहेर आली आहे ना, हे दर वेळी हाताने चाचपायचं. दोरी आत राहिली आणि पुन्हा उलटलो तर स्कर्ट सुटणार नाही. तळाशी चार-पाच सेंटिमीटर पाणी उरलं तरी चालतं. तेवढ्यावर कयाक वल्हवता येते.

स्कर्ट लावूनही कयाक जड आणि सुस्त वाटत असेल, एक टोक खाली गेलेलं दिसत असेल, तर पाणी कॉकपिटमध्ये नसून हॅचमधून कप्प्यात शिरलं आहे. मागचं हॅच नीट बसलं नसेल आणि तो कप्पा पूर्ण भरला तर कयाक पाण्यात उभीच राहते, पुढचं टोक आकाशाकडे. या अवस्थेला कयाकर क्लिओपात्राची सुई म्हणतात. त्यानंतर एकट्याने काही करता येत नाही. किनाऱ्यावरून निघण्यापूर्वी रबरी हॅचची कड बोटाने पूर्ण गोल फिरवून पाहणं आणि कप्प्यात एक-दोन फुगवलेल्या हवेच्या पिशव्या ठेवणं, एवढाच यावर उपाय. ज्या कयाकला बल्कहेडच नाही तिला पुढे-मागे अशा पिशव्या लावल्याशिवाय समुद्रात नेऊ नये.

फ्लोटशिवायच्या दोन पद्धती

मागच्या टोकावरून घोड्यावर बसल्यासारखं चढून, छाती डेकला लावून, दोन्ही पाय पाण्यात लोंबते ठेवून पुढे सरकत यायचं. बूड कॉकपिटवर आलं की आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. ही सगळ्यात वेगवान पद्धत. शांत पाण्यात आणि तोल चांगला असेल तर एका मिनिटात काम होतं. फसण्याची कारणंही ठरलेली: उठून बसून पुढे सरकणं, आणि पाय पाण्यातून फार लवकर उचलणं. लोंबणारे पाय हाच इथला तोलाचा आधार आहे.

दुसरी पद्धत उलट्या कयाकमध्येच परत शिरून वर फिरण्याची. कयाक कुशीवर करायची, पाय आत घालायचे, श्वास घ्यायचा, सीटवर बसून मांड्या आत टेकवायच्या आणि फ्लोट लावलेल्या वल्ह्याने रोल करायचा, म्हणजे वल्ह्याच्या आधाराने आपल्यासकट कयाक सरळ फिरवायची. नाकाला चिमटा असावा. लाटा जास्त असतात तेव्हा डेकवर चढण्यापेक्षा ही बरी, कारण अंग उचलावं लागत नाही. पण कॉकपिट काठोकाठ भरतं, म्हणून पंपाचं काम जास्त. ज्याला पाण्याखाली पाच-सहा सेकंद शांत राहता येत नाही त्याने ही पद्धत आधी तरणतलावात शंभर वेळा करावी.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याचशा कयाक वर बसायच्या, उघड्या असतात. त्यांना ना कॉकपिट ना स्कर्ट, पाणी छिद्रांतून आपोआप निघतं. तिथे फ्लोट लागत नाही. सरळ करायची, मधोमध पोटावर आडवं यायचं, उलटं होऊन बूड सीटवर टेकवायचं, शेवटी पाय आत. फक्त निघण्यापूर्वी पाणी सोडायच्या बुचाकडे लक्ष द्यायचं. ते सैल असेल तर पोकळ अंगात नकळत पाणी भरतं आणि कयाक विनाकारण उलटायला लागते.

वारा, ओहोटी आणि वाहून जाणं

पाण्यात पाच मिनिटं गेली तर आपण कुठे पोहोचतो? एक नॉट (ताशी एक सागरी मैल) वेगाने वाहिलो तर मिनिटाला 31 मीटर, म्हणजे पाच मिनिटांत दीडशे मीटरहून जास्त. त्यामुळे चढायला सुरुवात करण्याआधी तीन सेकंद मान फिरवून पाहायचं: वाऱ्याच्या दिशेला काय आहे? खडक, जाळ्यांचे बोये की मोकळं पाणी?

हिवाळ्यात सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पाणी गुळगुळीत दिसतं, आणि उलटलेला माणूस आत समुद्राकडे सरकत राहतो. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, मार्चनंतर तर जास्तच. ते किनाऱ्याकडे ढकलतात, म्हणजे लाटा फुटतात त्या पट्ट्याकडे किंवा कातळाकडे. सगळ्यात वाईट जागा खाडीच्या मुखाशी, ओहोटीचं पाणी बाहेर येताना आणि खारा वारा त्याला समोरून भिडताना. तिथे लाट आखूड आणि उभी होते आणि फ्लोटची पद्धत तिथे चालत नाही. कयाकच्या टोकाची दोरी धरून ओहोटीबरोबर बाहेर मोकळ्या पाण्यात जाऊ द्यायचं आणि तिथे चढायचं.

लाटा फुटतात तिथेही चढायचा हट्ट धरू नये. कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहायचं, टोक धरायचं आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागायचं. कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधीही येऊ नये. 150 लिटर पाणी भरलेली कयाक म्हणजे पावणेदोनशे किलोचा ओंडका. तो लाटेने पायांवर आला तर गुडघा वाचत नाही.

किती वेळा प्रयत्न करायचा? फ्लोटच्या पद्धतीचे दोन प्रयत्न. दुसऱ्यांदा पडलो तर दोन मिनिटं कयाकला बिलगून श्वास घ्यायचा, कुठल्या पायरीवर बिघडलं ते ठरवायचं आणि पद्धत बदलायची: दोरीची पायरी, नाहीतर आत शिरून रोल. तीही फसली तर मदत मागायची, आणि ती अंगात ताकद असतानाच. शिट्टीचे तीन ठोके, व्हीएचएफ संच (समुद्रावरचा रेडिओ) असेल तर चॅनेल 16, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554. मोबाइल पाणबंद पिशवीत, आणि पिशवी जॅकेटला बांधलेली. कयाकवर ठेवलेला मोबाइल कयाकबरोबर वाहून जातो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत जवळपास मदतीला होडीही दिसणार नाही. पावसाळी समुद्रात कयाक घालायचीच नाही हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटन, नॉर्वे किंवा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर वल्हवणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर पहिला एक मिनिट श्वास आवरण्यात जातो आणि पुढच्या साधारण दहा मिनिटांत बोटांतली ताकद संपते. तिथे झडप पिळणं, क्लिप लावणं ही कामंच आधी अशक्य होतात. फोमचा फ्लोट घ्या, कपडे हवेप्रमाणे न घालता पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला, आणि सगळा क्रम हातमोजे घालून करून पाहा.

सराव कसा करावा

पाय टेकतील तिथे सराव करू नये. एकदा तळाला टेकून उडी मारली की पायरी 2 शिकायची राहूनच जाते. कमीत कमी दोन मीटर खोल पाणी, सोबत दुसरी कयाक, आणि हलका वारा किनाऱ्याकडे वाहत असलेली वेळ. पहिल्या दिवशी फक्त बाहेर येणं आणि फ्लोट चढवणं, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी फक्त डेकवर येणं आणि परत पाण्यात उतरणं. पूर्ण क्रम त्यानंतर. उलटण्यापासून पंप हातात घेईपर्यंत तीन मिनिटांच्या आत आलं की दुपारच्या वाऱ्यात तोच क्रम करायचा, आणि मग मुद्दाम दमल्यावर, म्हणजे तासभर वल्हवून झाल्यावर. डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी. लाट आपली आवडती बाजू विचारत नाही. सोबत्याने किनाऱ्यावरून किंवा दुसऱ्या कयाकवरून मोबाइलवर चित्रीकरण केलं तर पाय खाली जातायत की डोकं लवकर वर येतंय याचा वाद पाच सेकंदांत मिटतो.

सराव संपला की फ्लोट गोड्या पाण्यात धुवायचा, झडपा उघड्या ठेवून सावलीत वाळवायचा. पंपाच्या दट्ट्यात वाळू अडकली असेल तर बादलीत दहा-बारा वेळा चालवून काढायची. मीठ झडपेत वाळलं तर पुढच्या वेळी ती पिळूनही पूर्ण बंद होत नाही.